रेव्हॉक्स स्पूल टेपची दुरुस्ती आणि घरच्या स्टुडिओची उभारणी: आधी मोजा, मग पाना उचला

जुनं स्पूल टेप यंत्र घरात आलं की दोन मोह होतात. पहिला, लगेच प्लग लावून टेप चढवायचा. दुसरा, सगळे कपॅसिटर एका बैठकीत बदलून टाकायचा. पहिल्या मोहात यंत्र जळू शकतं. दुसऱ्यात एखादा नवा दोष आत शिरतो आणि पन्नास बदललेल्या नगांपैकी तो कोणत्या नगात आहे हे शोधत बसावं लागतं. तिसरी चूक कमी बोलली जाते. खोलीचं अर्थिंग, केबल आणि स्पीकर यांचा पत्ता नसताना यंत्राला दोष दिला जातो. गुणगुण ऐकू येते, माणूस पॉवर सप्लाय उघडतो आणि शेवटी कारण निघतं भिंतीतलं सॉकेट.

म्हणून इथे यंत्राची दुरुस्ती आणि स्टुडिओची उभारणी ही दोन कामं हातात हात घालून नेली आहेत. दोन्हींसाठी मोजमापाची साधनंही एकच: दोन लाइन इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस (आवाज संगणकात नेणारा-आणणारा डबा), रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर, मोजमापाचा एक ओम्नी (सगळ्या दिशांनी सारखं ऐकणारा) माइक आणि खरा आरएमएस दाखवणारा मल्टीमीटर. ज्या सॉफ्टवेअरनं खोलीतला बेस मोजायचा, त्यानंच टेप हेडचं संतुलनही मोजता येतं.

उदाहरणादाखल रेव्हॉक्स ए७७ आणि बी७७ ही दोन स्विस यंत्रं घेतली आहेत. ए७७ १९६७ मध्ये आलं आणि १९७७ मध्ये त्याची जागा बी७७नं घेतली. दोन्हींत तीन मोटरी आहेत. टेप ओढायला बेल्ट नाही, बेल्ट आहे तो फक्त काउंटरला. टेप ओढणाऱ्या फिरत्या दांड्याचा, म्हणजे कॅप्स्टनचा वेग सर्वो सर्किट (वेग मोजून आपोआप सुधारणारं) सांभाळतं, त्यामुळे विजेची फ्रीक्वेन्सी थोडी हलली तरी सूर हलत नाही. सर्व्हिस मॅन्युअल संपूर्ण मिळतात आणि पिंच रोलरसारखे (टेप कॅप्स्टनवर दाबणारं रबरी चाक) भाग आजही नवे बनतात. पहिल्या दुरुस्तीसाठी यापेक्षा मोठं, सोळा ट्रॅकचं यंत्र घेऊ नये. तो स्वतंत्र संसार आहे.

विकत घेण्याआधी

मागच्या पट्टीवर मॉडेल वाचा. हाफ-ट्रॅक (प्रत्येक चॅनलला टेपची अर्धी रुंदी, टेप एकाच दिशेनं) आणि क्वार्टर-ट्रॅक (प्रत्येक चॅनलला पाव रुंदी, टेप उलटवून दोन्ही दिशांनी) हा फरक नंतर बदलता येत नाही असंच समजा, कारण त्यासाठी हेडांचा संचच बदलावा लागतो. नवं रेकॉर्डिंग टेपवर करायचं असेल तर हाफ-ट्रॅक घ्या, जमल्यास १९ आणि ३८ सेंटिमीटर प्रतिसेकंद वेगांचं एचएस मॉडेल. घरोघरच्या जुन्या बैठकी, कीर्तनं, नाट्यगीतं उतरवून घ्यायची असतील तर साधं मॉडेल जास्त उपयोगी, कारण त्या टेपा बहुधा ९.५ किंवा १९ वर भरलेल्या असतात. ४.७५ वर भरलेली टेप ९.५ वर वाजवून संगणकात अर्ध्या वेगानं करता येते. तसं करताना नमुना-दर ९६ किलोहर्ट्झ ठेवा आणि वरच्या पट्टीतलं इक्वलायझेशन नंतर हातानं जुळवायची तयारी ठेवा.

हेडांची झीज नखानं तपासा. टेप जिथून सरकते तिथे हेडच्या तोंडावर सपाट पट्टा दिसतो. त्याच्या वरच्या किंवा खालच्या कडेला नख अडकलं, म्हणजे खाच पडली आहे. थोडी खाच असेल तर हेड घासून पुन्हा आकारात आणता येतं, पण ते काम जाणकाराकडेच द्यावं. हेडच्या तोंडावरची बारीक चुंबकीय फट, म्हणजे गॅप, झिजून उघडा पडला असेल तर हेड संपलं. विकणारा "नुसती साफसफाई करायची आहे" म्हणाला तर किंमत ठरवताना हेड बदलण्याचा खर्च धरून चाला.

यंत्राचं वजन १५ ते १७ किलो असतं. नेताना स्पूल काढून ठेवा आणि यंत्र त्याच्या पाठीवर आडवं ठेवून न्या.

खोलीतली वीज

यंत्राच्या आधी हे काम करा. स्टुडिओच्या सगळ्या ऑडिओ सॉकेटांसाठी वितरण पेटीपासून एकच वेगळी ओळ, स्वतःच्या एमसीबीसह, २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेनं ओढून घ्या. एअर कंडिशनर वेगळ्या ओळीवर. इंटरफेस, संगणक, स्पीकर आणि टेप यंत्र या सगळ्यांचं अर्थिंग एकाच जागी मिळालं पाहिजे. दोन वेगळ्या खोल्यांतल्या सॉकेटांवरून वीज घेणं म्हणजे गुणगुणीला आमंत्रण.

वायरमन गेल्यावर स्वतः मोजा: फेज ते न्यूट्रल सुमारे २३०, फेज ते अर्थ जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तिसरा आकडा दहाच्या वर असेल तर न्यूट्रल ढिली आहे किंवा अर्थिंग नावापुरतं आहे. जुन्या इमारतींत दुसरं फार आढळतं.

यंत्रावरचा व्होल्टेज सिलेक्टर २४० वर ठेवा. आपल्याकडे रात्री उशिरा व्होल्टेज २४५च्या पुढे जातं, आणि २२०ची जागा ठेवली तर ट्रान्सफॉर्मर विनाकारण तापतो. सिलेक्टर बदलला की फ्यूजही मॅन्युअलमध्ये त्या व्होल्टेजला दिलेल्या आकड्याचाच घाला. आधीच्या मालकानं तारेचा तुकडा बसवलेला असणं अजिबात दुर्मीळ नाही.

घरच्या इन्व्हर्टरवर यंत्र चालवू नका. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर मोटरी गुरगुरतात आणि तापतात. बॅकअप हवाच असेल तर शुद्ध साइन लहरीचा घ्या. एलईडी दिव्यांचे स्वस्त ड्रायव्हर आणि पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर यांचा किरकिराट नंतर माइकच्या केबलमध्ये शिरतो, म्हणून ते दोन्ही ऑडिओच्या ओळीवर नकोत.

पहिल्यांदा वीज देताना

लाकडी किंवा धातूचं आवरण काढा आणि आधी फक्त बघा. फुगलेले, गळलेले कपॅसिटर, तडकलेला पिवळसर पारदर्शक नग, काळवंडलेला रेझिस्टर, उंदरानं कुरतडलेली तार. फोटो काढून ठेवा, प्रत्येक पाटीचा (सर्किट बोर्डचा) वेगळा आणि प्रत्येक कनेक्टर जवळून.

पिवळसर पारदर्शक आवरणातले, आत कागदाचे वेटोळे दिसणारे रिफा कपॅसिटर वीज देण्याआधीच काढा. त्यांचं आवरण वर्षांनुवर्षांत तडकतं, तड्यांतून दमट हवा आत जाते, कागद ओला होतो आणि एक दिवस तो नग फुटून खोलीभर उग्र धूर होतो. कोकणात किंवा मुंबईत राहिलेल्या यंत्रात हे हमखास. त्याच्या जागी तेवढ्याच मूल्याचा, एक्स-२ वर्गाचा (थेट घरच्या विजेवर चालणारा) फिल्म कपॅसिटर लावा. एक बारकावा: नगावर मायक्रोफॅरॅडसोबत ओहमचाही आकडा छापला असेल तर त्याच्या पोटात रेझिस्टरही आहे. तिथे नुसता कपॅसिटर लावला तर स्विचचे संपर्क लवकर जळतात. तेवढ्या ओहमचा, ज्वालारोधक रेझिस्टर त्याच्याशी मालिकेत जोडा.

मग मालिकेतला दिवा तयार करा. एका लाकडी पाटीवर होल्डर आणि सॉकेट मालिकेत जोडून त्यात १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब लावा. एलईडी बल्ब इथे चालत नाही. यंत्र सॉकेटमध्ये लावून सुरू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटून राहिला तर कुठे तरी शॉर्ट आहे. बंद करा आणि रेक्टिफायर, मुख्य फिल्टर कपॅसिटर, मोटरचे कपॅसिटर या क्रमानं शोधा. दिव्यावर असताना मोटरी नीट फिरणार नाहीत, त्यावरून काही ठरवू नका.

दिव्यावर सारं शांत असेल तर थेट वीज देऊन पॉवर सप्लाय मोजा. ऑडिओच्या पाट्यांना सुमारे २१ व्होल्टचा स्थिर पुरवठा मिळतो. मॅन्युअलमधला नेमका आकडा आणि तुमचा आकडा शेजारी लिहून ठेवा. मीटर एसीवर घेऊन त्याच पुरवठ्यावरची लहर मोजा. ती काही मिलिव्होल्टच्या आत असावी.

मोटरच्या भागात शंभराहून जास्त व्होल्ट फिरतात. ए७७मध्ये कॅप्स्टनची नियंत्रण पाटीही त्यात आली. प्लग काढल्यावरही मोटरचे कपॅसिटर भरलेले असू शकतात, म्हणून हात घालण्याआधी १ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी टोकांवर काही सेकंद धरा.

कोणते कपॅसिटर बदलायचे

एका वेळी एक पाटी, आणि प्रत्येक पाटीनंतर चाचणी. क्रम असा:

१. पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर.
२. मोटरचे फेज कपॅसिटर. मूल्य डब्यावर छापलेलं असतं, तेवढंच घ्या. मोटर-रन प्रकारचा, ४०० ते ४५० व्होल्ट एसीचा फिल्म कपॅसिटर. पंख्याच्या दुकानात मिळणारा चालतो, पण मूल्य जुळलंच पाहिजे. जास्त घातला तर ताण बदलतो आणि टेप ओढली जाते.
३. कॅप्स्टन नियंत्रण पाटी. यंत्र एकदम सुसाट सुटत असेल तर दोष बहुधा इथे: वाळलेला इलेक्ट्रोलिटिक किंवा शॉर्ट झालेला पॉवर ट्रान्झिस्टर.
४. प्लेबॅक पाट्या, मग रेकॉर्ड पाट्या, शेवटी ऑसिलेटर.

ए७७मधले सोनेरी रंगाचे फ्राको इलेक्ट्रोलिटिक सरसकट बदलावेत. त्यांची गळती वाढलेली असते आणि त्यातून खरखर व कमी बेस येतो. बाकीचे मात्र मोजून ठरवा. फिल्म आणि पॉलिस्टायरिन कपॅसिटर सहसा पन्नास वर्षांनीही ठणठणीत असतात, त्यांना हात लावू नका. मणीसारखे टँटलम मरतात ते शॉर्ट होऊन, तेव्हा पुरवठ्यावरचे टँटलम बदलणं शहाणपणाचं.

नवा इलेक्ट्रोलिटिक तेवढ्याच मायक्रोफॅरॅडचा, तेवढ्या किंवा थोड्या जास्त व्होल्टचा, १०५ अंशांचा घ्या. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यातली तपकीर गल्ली इथे फ्यूज, तार, कनेक्टर, हीट-श्रिंक सगळं मिळेल. पण कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर अधिकृत वितरकाकडूनच मागवा. नामांकित छाप मारलेले नकली नग दिसायला अगदी हुबेहूब असतात. शंका आली तर एलसीआर मीटरवर मूल्य आणि ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) दोन्ही पाहा.

सोल्डरिंग आयर्न ३३० ते ३५० अंशांवर, ६०/४० सोल्डर, आणि जुना सोल्डर शोषायला तांब्याची जाळीदार वात. या काळातल्या पाट्यांवरचा तांब्याचा पट्टा जास्त वेळ तापवला तर उचलला जातो. तीन सेकंदांत नग निघाला नाही तर थांबा, नवा सोल्डर थोडा घाला आणि पुन्हा करा.

उघड्या पद्धतीचे ट्रिमर खरखरतात. बदलण्याआधी नुसतं फिरवून "बघू" नका. वीज बंद करून, एक पाय सोडवून मधल्या टोकापासून दोन्ही बाजूंचा रोध मोजून लिहा. नवा बंद सर्मेट ट्रिमर त्याच रोधावर बसवून मग लावा. कॅलिब्रेशन सुरू करायला तेवढी जमीन पायाखाली राहते. स्विच आणि पोटेन्शिओमीटरवर डिऑक्सिडायझर अगदी थोडा मारा. फवारा मारून यंत्र न्हाऊ घातलं की तेल ब्रेकच्या पट्टीवर पोहोचतं.

टेप ज्या वाटेनं जाते ती वाट

हेड, कॅप्स्टन आणि मार्गदर्शक खांब ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. पिंच रोलरचं रबर मात्र त्यानं रोज पुसू नका, ते कडक होतं. कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. रोलर चकाकत असेल, तडकला असेल किंवा बोट लावल्यावर चिकटत असेल तर बदला. सँडपेपर मारून गोल केलेला रोलर कधीच पुरता गोल नसतो आणि तो दोष आवाजात येतो.

ब्रेकच्या पट्ट्यांना बोटांचं तेल लागू देऊ नका. दोन्ही बाजूंचा ब्रेक स्प्रिंग-काट्यानं मोजा आणि मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणा. असमान ब्रेकमुळे वेगानं गुंडाळताना थांबवलं की टेपची वेटोळी सैल पडतात आणि पुढच्या झटक्यात टेप ताणली जाते. कॅप्स्टनच्या बेअरिंगला मॅन्युअलनं सांगितलेलं तेल, दोन थेंब. शिवणयंत्राचं तेल पातळ पडतं.

प्ले दाबूनही यंत्र लगेच थांबत असेल तर इलेक्ट्रॉनिक्स उघडण्याआधी टेप संपल्याचं ओळखणारा प्रकाश-संवेदक पाहा. त्यावर धूळ किंवा समोरच्या स्टुडिओ दिव्याचा झोत पडल्यानंही तसं होतं.

आता वेग. ३१५० हर्ट्झची चाचणी टेप लावून सॉफ्टवेअरमध्ये फ्रीक्वेन्सी पाहा. या यंत्रांची मर्यादा ०.२ टक्के, म्हणजे आकडा साधारण ३१४४ ते ३१५६ मध्ये हवा. सूर लहरत असेल तर लहर सेकंदाला किती वेळा येते ते मोजा. दोष कुठल्या फिरत्या भागात आहे ते तीच सांगते. १९ सेंटिमीटर वेगाला ३ सेंटिमीटर व्यासाचा रोलर सेकंदाला जवळजवळ दोन फेऱ्या मारतो. लहर दोन हर्ट्झची असेल तर रोलर बदला. चार सेकंदांतून एकदा येत असेल तर स्पूल वाकडं आहे किंवा पुरवठ्याच्या बाजूचा ताण डगमगतोय.

खोली

यंत्र खोलून पडलेलं असताना, सुटे भाग येईपर्यंत खोलीचं काम करा. समजा खोली १२ बाय १० फूट आणि छत साडेनऊ फूट. समोरासमोरच्या भिंतींत अडकून घुमणारी लांबीची पहिली लहर ४७ हर्ट्झला, रुंदीची ५६ला, उंचीची ५९ला येते. शेवटच्या दोन एकमेकींना इतक्या चिकटून आहेत की पखवाजाचा धूम किंवा तबल्याचा बायां तिथे फुगतो, आणि मिक्स करणारा माणूस तो खरा समजून कमी करतो. बाहेर वाजवलं की मिक्स पोकळ. फ्लॅटमधल्या खोल्यांचं हे नेहमीचं दुखणं आहे.

उपाय म्हणजे जाडी. अंड्यांचे ट्रे आणि इंचभर फोम फक्त वरचा आवाज खातात, त्यामुळे खोली आणखी घुमट ऐकू येते. ४८ किलो घनतेच्या रॉकवूलच्या ५० मिलिमीटरच्या दोन पाट्या एकावर एक ठेवून चार बाय दोन फुटांच्या पाइनच्या चौकटीत बसवा आणि वर मांजरपाट ताणा. कापडातून फुंकर आरपार गेली पाहिजे, रेक्झिन चालणार नाही. अशी किमान आठ पॅनल लागतील: दोन बाजूंच्या पहिल्या परावर्तनाच्या जागी, एक किंवा दोन डोक्यावर, उरलेली मागच्या भिंतीवर, भिंतीपासून १०० मिलिमीटर सुटी. कोपऱ्यांत मात्र फूटभर जाडीचे, जमिनीपासून छतापर्यंतचे खांब हवेत. रॉकवूल हाताळताना मास्क आणि हातमोजे घाला.

शोषण वेगळं, अडवणं वेगळं. शेजारच्या कुकरची शिट्टी पॅनल अडवत नाहीत, ती अडते वजनानं आणि फटी बुजवल्यानं. तीन फुटी दाराखाली पाऊण इंचाची फट असेल तर ती दाराच्या जवळजवळ एक टक्का होते, आणि एक टक्का फट ठेवली की दार कितीही जड करा, २० डेसिबलच्या पलीकडे आवाज अडत नाही. आधी रबरी सील, मग जड दार.

टेप यंत्र माइकच्या खोलीत ठेवू नका, मोटरीचा आवाज आणि रिलेची टकटक रेकॉर्ड होते. एकच खोली असेल तर गायकाच्या माइकची पाठ यंत्राकडे येईल असं मांडा. स्पीकरच्या चुंबकापासून टेपा मीटरभर लांब. आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा. पावसाळ्यात डीह्युमिडिफायर लागतोच, तो रेकॉर्डिंगच्या आधी चालवून बंद करा.

जोडणी आणि गुणगुण

यंत्राची बाहेर येणारी जोडणी आरसीए, असंतुलित. इंटरफेसची लाइन इनपुट संतुलित. दोन गाभ्यांची शील्ड केबल घ्या. पहिला गाभा आरसीएच्या मधल्या टोकापासून जॅकच्या टिपला, दुसरा आरसीएच्या बाहेरच्या कड्यापासून जॅकच्या रिंगला, आणि शील्ड फक्त इंटरफेसच्या बाजूला. गुणगुण वाढलीच तर आरसीएच्या बाजूलाही जोडून पाहा. उलट दिशेला, इंटरफेसकडून यंत्राकडे जाताना रिंग मोकळी सोडायची की जमिनीला जोडायची हे इंटरफेसच्या पुस्तिकेत बघा. काही आउटपुटना रिंग शॉर्ट केलेली सोसत नाही.

पातळीचा फरक लक्षात ठेवा. व्यावसायिक +४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्ट, घरगुती −१० डीबीव्ही म्हणजे ०.३१६ व्होल्ट. दोघांत सुमारे १२ डेसिबलचं अंतर. इंटरफेसचं आउटपुट तेवढं खाली आणलं नाही तर यंत्राचा इनपुट टप्पाच फाटतो आणि लोक त्याला टेपचा उबदारपणा म्हणून खपवतात.

गुणगुण आली तर सॉफ्टवेअरच्या स्पेक्ट्रममध्ये बघा. ५० हर्ट्झचा खांब उंच असेल तर अर्थ लूप (अर्थिंग दोन वाटांनी जोडलं गेल्यानं झालेलं वेटोळं) किंवा जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र. १०० हर्ट्झ उंच असेल तर पॉवर सप्लायचा फिल्टर कपॅसिटर. त्यापुढचे काटेरी खांब रांगेनं दिसत असतील तर दिव्यांचे ड्रायव्हर. अर्थ लूप मोडायला १:१ चा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मधे घाला. प्लगची अर्थची पिन कापणं हा उपाय नाही, त्यानं जीव जाऊ शकतो.

कॅलिब्रेशन

यंत्र अर्धा तास चालू ठेवा. मग ते बंद करून हेड डीमॅग्नेटाइझ करा. डीमॅग्नेटायझर मीटरभर अंतरावर चालू करायचा, हळू जवळ आणायचा, हेडांवरून फिरवून तितक्याच हळू दूर न्यायचा आणि दूर गेल्यावरच बंद करायचा. हेडजवळ असताना तो बंद झाला तर हेड आधीपेक्षा जास्त चुंबकीय होतं. लोडशेडिंगच्या वेळा बघून हे काम करा.

आधी प्लेबॅक, मगच रेकॉर्ड. हा क्रम उलटला तर तुमच्या टेपा फक्त तुमच्याच यंत्रावर बऱ्या वाजतील.

प्लेबॅकसाठी खरी कॅलिब्रेशन टेप लागते. ती महाग असते आणि तिला पर्याय नाही. अ‍ॅझिमथ (हेडचा टेपशी असलेला कोन) आधी १ किलोहर्ट्झवर, मग १० किलोहर्ट्झवर लावा. थेट १०वर लावलं तर खोट्या शिखरावर बसण्याचा धोका असतो. दोन्ही चॅनल सॉफ्टवेअरच्या स्कोपमध्ये एकमेकांसमोर (एक आडव्या, दुसरा उभ्या अक्षावर) मांडले की तिरकी रेघ दिसली पाहिजे. वर्तुळ दिसलं तर हेड तिरकं आहे. मग १ किलोहर्ट्झवर दोन्ही चॅनलची पातळी, मग १० किलोहर्ट्झवर प्लेबॅकचं इक्वलायझेशन.

इथे तीन सापळे आहेत. टेपवरचा संदर्भ चुंबकीय प्रवाह (शून्य पातळी ज्यावर धरतात तो) आणि मॅन्युअलमधला वेगळा असू शकतो: २५० आणि ३२० नॅनोवेबर प्रतिमीटर यांत २.१ डेसिबलचा फरक पडतो, तो हिशोबात धरा. दुसरा, १९ सेंटिमीटरला अमेरिकी एनएबी पद्धतीच्या इक्वलायझेशनचा वरचा काल-स्थिरांक ५० मायक्रोसेकंद आणि युरोपीय आयईसीचा ७०, म्हणजे वरच्या पट्टीत जवळजवळ ३ डेसिबलची तफावत. यंत्र कोणत्या पद्धतीचं ते आधी पाहा. तिसरा, कॅलिब्रेशन टेप पूर्ण रुंदीची भरलेली असते, त्यामुळे हाफ-ट्रॅक हेडवर खालच्या फ्रीक्वेन्सी थोड्या फुगून दिसतात. तो फुगवटा खरा नाही, तो दाबू नका. बेस नंतर स्वतःच्या रेकॉर्डिंगवर तपासा.

रेकॉर्डसाठी आधी टेपचा एकच प्रकार ठरवा. आज नवी टेप फ्रान्सची रेकॉर्डिंग द मास्टर्स आणि अमेरिकेची एटीआर मॅग्नेटिक्स बनवते. रेव्हॉक्सला एलपीआर३५ सारखी पातळ टेप हेडाशी छान बिलगते. रेकॉर्ड हेडचा अ‍ॅझिमथ प्लेबॅक हेडशी जुळवा. मग बायस (रेकॉर्ड करताना आवाजात मिसळला जाणारा, ऐकू न येणारा उच्च फ्रीक्वेन्सीचा प्रवाह): १० किलोहर्ट्झ, नेहमीच्या पातळीपेक्षा २० डेसिबल खाली भरत राहा आणि टेपवरून येणारा आवाज ऐकत बायस वाढवा. आवाज शिखरावर जाईल, मग उतरू लागेल. टेपच्या कागदावर तुमच्या वेगासाठी दिलेल्या आकड्याइतका, साधारण ३ ते ६ डेसिबल, उतरू द्या. नंतर रेकॉर्ड पातळी, शेवटी रेकॉर्ड इक्वलायझेशन. इक्वलायझेशन बदललं की बायस पुन्हा एकदा बघा.

फ्रीक्वेन्सी प्रतिसाद नेहमी −२० वरच मोजा. शून्य पातळीवर पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्यांत पसरलेला चाचणीचा सळसळाट) भरला तर वरची पट्टी टेपच दाबते आणि माणूस ट्रिमर फिरवून नसलेला दोष दुरुस्त करतो.

टेपवरून ऐकत संगणकातल्या ट्रॅकबरोबर काम करायचं असेल तर उशीर मोजा. दोन हेडांत साडेतीन सेंटिमीटर अंतर धरलं तर १९ वेगाला तो सुमारे १८४ मिलिसेकंद होतो. एक क्लिक भरून नेमका आकडा काढा आणि टेपवरून आलेला ट्रॅक तेवढा आधीच्या बाजूला सरकवा.

जुन्या टेपा लावण्याआधी

अनोळखी टेप लगेच चढवू नका. स्पूल दिव्यासमोर धरा. कडेनं प्रकाश आरपार दिसला तर ती अ‍ॅसिटेट. तिला शिरक्यासारखा वास येत असेल तर ती कुजू लागली आहे, एकदाच हळू वाजवून उतरवून घ्या. बुरशी असेल तर आधी कोरड्या हवेत वाळवा, मास्क लावून मऊ कापडानं पुसा, आणि यंत्र दर वेळी पूर्ण साफ करा, नाही तर बुरशी पुढच्या टेपवर जाते.

सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या अ‍ॅम्पेक्स ४५६ सारख्या पॉलिस्टर टेपांचा चिकटद्रव दमटपणानं सुटतो. वाजवताना किंचाळतात आणि हेडावर तपकिरी चिखल सोडतात. लगेच थांबवा. फळं सुकवायच्या इलेक्ट्रिक डिहायड्रेटरमध्ये, वेगळ्या थर्मामीटरनं ५४ अंश राखून, पाव इंची टेप आठ तास ठेवा, मध्ये एकदा उलटा, आणि तेवढाच वेळ थंड होऊ द्या. काही आठवडे ती वाजते, त्या अवधीत २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर उतरवा. अ‍ॅसिटेट टेप कधीही भाजायची नाही, आणि मायक्रोवेव्ह तर कुठल्याच टेपसाठी नाही.

दोन्ही चॅनलमध्ये सुलट गाण्यात उलटं गाणं मिसळून ऐकू आलं तर यंत्र बिघडलेलं नाही. क्वार्टर-ट्रॅक टेप हाफ-ट्रॅक हेडवर चालली आहे. ती उतरवायला क्वार्टर-ट्रॅक यंत्र शोधा. प्रत्येक टेपसाठी प्लेबॅक अ‍ॅझिमथ वरच्या पट्टीचा आवाज सर्वांत उघडा येईल असा कानानं लावा, आणि काम संपल्यावर कॅलिब्रेशन टेपवर परत आणा. वाजवून झालेली टेप परत न गुंडाळता, शेवट बाहेर ठेवून, उभी कपाटात ठेवा. डब्यावर वेग, ट्रॅकची पद्धत आणि इक्वलायझेशन पेन्सिलनं लिहा.